‘टेस्ट ट्यूब वासराचे जीन बदललेले असतात’: ठाणे-नवी मुंबईत फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण भागातल्या दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. घोडबंदर रोड, वाशी, नेरूळच्या सोसायट्यांमध्येही तो पोहोचला आहे, कारण तिथली बरीच घरं ए२ दूध (देशी गायीचं म्हणून विकलं जाणारं) घेतात. आयव्हीएफ म्हणजे बीजांड आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणून भ्रूण तयार करायचं आणि ते दुसऱ्या, पोसणाऱ्या गायीत घालायचं. परिणाम असा की गोठ्यात आयव्हीएफची कालवड असली तर गिऱ्हाईक दूध बंद करायची भाषा करतं आणि शेतकरी ठरलेलं भ्रूण रोपण रद्द करतो. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा आहे:

“आयव्हीएफने तयार केलेल्या गीर-साहिवाल वासरांचे जीन प्रयोगशाळेत बदलतात, याला एपिजेनेटिक्स म्हणतात. म्हणून ही वासरं राक्षसासारखी वाढतात आणि गाय विताना मरते. भ्रूण होल्स्टीन संकरित गायीच्या पोटात वाढतं, त्यामुळे वासरू शुद्ध राहत नाही आणि दूध ए२ राहत नाही. हा दोष सात पिढ्या उतरतो. ‘ए ग्रेड भ्रूण’ ही धूळफेक आहे. उपाय एकच: गाय भरल्यापासून पहिले सात दिवस जीन सुधारणारी पावडर द्या.”

यातला ग्रेडचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, मोठ्या वासरांचा अर्धा खरा आहे आणि बाकीचे खोटे आहेत. खऱ्याच्या आडोशाला खोटं उभं केलेलं असल्यामुळे संदेश लोकांना पटतो. म्हणून एकेक मुद्दा सुटा करून पाहू.

“वासरांचे जीन प्रयोगशाळेत बदलतात”

नाही. गायीच्या डीएनएत सुमारे २.७ अब्ज अक्षरं (ए, टी, जी, सी हे रासायनिक घटक) आहेत आणि २००९ साली जाहीर झालेल्या गोवंशाच्या जनुकनकाशाप्रमाणे जनुकं किमान २२ हजार. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये या अक्षरांना कुणी हात लावत नाही. अक्षरं मुद्दाम बदलायची तर ते जनुकसंपादन होईल. ते वेगळं तंत्र आहे आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या गीर किंवा साहिवाल भ्रूणात ते नसतं.

एपिजेनेटिक्स म्हणजे अक्षरांवरच्या खुणा. सातबारा डोळ्यांसमोर आणा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, माती तीच. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला की त्या जमिनीचा व्यवहार थांबतो. बोजा उतरला की मोकळा होतो. जमीन मात्र तसूभरही बदललेली नसते. डीएनएमध्ये हा बोजा म्हणजे मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट. सी आणि जी ही अक्षरं जिथे लागून येतात तिथल्या सी वर तो बसतो आणि बहुतेक वेळा शेजारच्या जनुकाचं काम बंद ठेवतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरही अशा खुणा असतात. कातडीची पेशी आणि कासेची पेशी यांतली अक्षरं एकच असतात, खुणा वेगळ्या.

आता संदेशाने जिथे गफलत केली आहे ते पाहा. भ्रूणात खुणा बदलतात ही गोष्ट खरी आहे, पण ती प्रत्येक वासरात होते. वळूने भरवलेल्या गायीच्या वासरात, रेतनाच्या कांडीने झालेल्या वासरात, सगळ्यांत. बदलल्या नाहीत तर वासरूच घडणार नाही.

फलन झालं की शुक्राणू आणि बीजांड आपापल्या जुन्या खुणा घेऊन आलेले असतात. शुक्राणूच्या डीएनएवर त्या दाट असतात. फलनानंतरच्या तासांत टेट-३ नावाचं विकर (एन्झाइम) वडिलांकडच्या खुणा पुसायला लागतं. आईकडच्या खुणा मुख्यतः पेशी दुभंगत जातील तशा विरळ होत जातात, कारण दर विभाजनात नव्या धाग्यावर त्यांची पुरती नक्कल होत नाही. गायीच्या भ्रूणात आठ पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, या खुणा सर्वांत कमी असतात. तिथून पुढे डीएनएमटी-३ए आणि ३बी ही विकरं नव्याने खुणा लिहू लागतात.

नेमक्या याच सुमारास, आठ ते सोळा पेशींच्या दरम्यान, भ्रूणाची स्वतःची जनुकं खऱ्या अर्थाने चालू होतात. तोवर त्याचा कारभार बीजांडात साठवलेल्या शिदोरीवर चालतो. उंदरात हे दोन पेशींनाच होतं, माणसात चार ते आठ पेशींना. म्हणून उंदरावरचा प्रयोग जसाच्या तसा गायीला लावता येत नाही. आणि संदेशातली बरीच ‘शास्त्रीय’ वाक्यं उंदरांच्या अभ्यासातून उचललेली दिसतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून गोळा बनतो. सातव्या दिवशी त्यात पोकळी येते आणि दोन घराणी वेगळी होतात: आतला पुंजका वासरू होणार, बाहेरची फळी वारेचा मोठा भाग. या दोघांवरच्या खुणाही वेगळ्या असतात.

या सगळ्या पुसापुशीतून काही खुणा मात्र वाचायलाच हव्या असतात. सस्तन प्राण्यांत शंभर-दोनशे जनुकं अशी आहेत की त्यांची एकच प्रत चालते, काहींची आईकडची, काहींची बापाकडची. दुसरी प्रत खुणेने बंद ठेवलेली असते. यांतली बरीचशी वाढीशी आणि वारेशी निगडित आहेत. खरी जोखीम इथे आहे.

“वासरं राक्षसासारखी वाढतात आणि गाय मरते”

अशी वासरं जन्मतात. त्याला शास्त्रीय नाव आहे, लार्ज ऑफस्प्रिंग सिंड्रोम. १९९० च्या दशकात आयव्हीएफ आणि क्लोनिंगचं काम वाढलं तसा हा प्रकार गायी-मेंढ्यांत ठळकपणे दिसू लागला. नेहमीपेक्षा कितीतरी जड वासरू, बाहेर लोंबणारी जाड जीभ, बेंबीचा हर्निया, वाढलेले अंतर्गत अवयव, वारेवरच्या गाठी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या. हे नाकारून चालणार नाही. आयव्हीएफ विकणारे काही जण हे नावच घेत नाहीत, आणि त्या मौनामुळेच अशा संदेशांना पाय फुटतात.

मग संदेश चुकतो कुठे? कारणात आणि प्रमाणात.

स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतल्या लोरेन यंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंढ्यांच्या अशा गर्भांत आयजीएफ-२-आर या जनुकावरची आईकडची खूण उडाल्याचं दाखवलं. वाढीला चालना देणारं आयजीएफ-२ हे प्रथिन उचलून नष्ट करणं हे त्या जनुकाचं काम. तो सफाई कामगार कमी पडला की वाढ बेफाम होते. गायींत अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या रोसिओ रिवेरा यांच्या गटाने २०१३ मध्ये केसीएनक्यू१ओटी१ या ठिकाणची खूण उडालेली दाखवली. तिथली आईकडची खूण गेली की वाढीला ब्रेक लावणारं सीडीकेएन१सी हे जनुक दबतं. माणसांच्या बाळांत बेकविथ-वीडेमन सिंड्रोम म्हणून जो आजार आहे, त्यातही बऱ्याचदा हेच घडतं. दोन्हीकडे अक्षरं शाबूत, बोज्याची नोंद तेवढी गहाळ.

खूण गहाळ का होते? सर्वांत जास्त बोट दाखवलं गेलं ते संवर्धनद्रवातल्या, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण ज्यात वाढवतात त्या द्रवातल्या, सीरमकडे. पूर्वी भ्रूण वाढवताना १० टक्क्यांपर्यंत वासराचं रक्तसीरम घालत, शिवाय दुसऱ्या पेशींच्या थरावर भ्रूण ठेवत. सीरममध्ये नेमकं काय आणि किती हे दर बाटलीत वेगळं असतं. त्यात भ्रूण सुरुवातीला झपाट्याने वाढतं, दिसायला छान गडद दिसतं, आणि पुढे गोठवताना टिकत नाही. सीरम काढून सिंथेटिक ओव्हिडक्ट फ्लुइडसारख्या ठरलेल्या घटकांच्या द्रवात (हे मूळ सूत्र १९७२ चं आहे) अमिनो आम्लं आणि बोव्हाइन अल्ब्युमिन घालून काम सुरू झालं, तसं अशा वासरांचं प्रमाण घटलं. ते शून्य झालेलं नाही. शिवाय अशी वासरं साध्या रेतनातून आणि नैसर्गिक भरणीतूनही क्वचित जन्मतात हे आता नोंदलं गेलं आहे, म्हणजे हा केवळ ‘टेस्ट ट्यूब’चा दोष नव्हे.

क्लोनिंगची गोष्ट निराळी आहे आणि संदेशात दोन्हींची सरमिसळ केली आहे. क्लोनिंगमध्ये कातडीसारख्या पूर्ण घडलेल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या बीजांडात घालतात. त्या केंद्रकावरच्या आयुष्यभराच्या खुणा बीजांडाला काही तासांत पुसाव्या लागतात आणि त्या पुरत्या पुसल्या जात नाहीत. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये गरिमा ही क्लोन म्हैस आणि मार्च २०२३ मध्ये गंगा ही क्लोन गीर कालवड जन्मली, त्यामागे वाया गेलेल्या भ्रूणांची मोठी रांग असते. आयव्हीएफमध्ये खरं बीजांड आणि खरा शुक्राणू असतो. दोघेही या पुसापुशीसाठी तयार होऊनच आलेले असतात. गायीत आयव्हीएफचं पहिलं वासरू १९८१ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जन्मलं, आणि म्हशीचं जगातलं पहिलं, ‘प्रथम’, १९९० मध्ये आपल्या कर्नालला.

तरीही ज्याच्या गोठ्यात भ्रूणाची गाभण गाय आहे त्याने चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली तारखेची. भ्रूण गायीत घालतात तेव्हा ते आधीच सात दिवसांचं असतं. गीरचा गर्भकाळ साधारण २८५ दिवस धरला तर रोपणापासून २७८ दिवस मोजायचे. रोपणाच्या दिवसापासून २८५ मोजले की दिवस उलटून गेलेत हे कळायलाच आठवडा उशीर होतो, आणि मोठ्या वासराच्या बाबतीत दिवस उलटणं हीच पहिली सूचना असते. दुसरी, शेवटच्या तीन महिन्यांत पोट दोन्ही बाजूंनी भराभर फुगू लागलं, गाय खाणं कमी करू लागली, धापा टाकू लागली, तर वारेच्या पिशवीत पाणी साठत असू शकतं. जुळं असेल म्हणून थांबू नये, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावं. तिसरी, रोपण करणाऱ्या डॉक्टरांना वासराच्या वजनाचा अंदाज आधी विचारून ठेवावा. गीरचं वासरू साधारण २० ते २५ किलोचं असतं आणि भरदार होल्स्टीन संकरित गायीला ते सहज जातं. पण उलट केलं, म्हणजे होल्स्टीनचं भ्रूण कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गायीत घातलं, तर वासरू अडण्याची भीती एपिजेनेटिक्सशिवायही आहे. चौथी, वासरू जड असेल आणि जिभेमुळे त्याला ओढता येत नसेल तर चीक नळीने पोटात पोहोचवावा लागतो. अशा वासरांची रक्तातली साखर पटकन उतरते, ‘पिईल थोड्या वेळाने’ म्हणून रात्र काढली तर सकाळी ते उठत नाही.

“संकरित गायीच्या पोटात वाढतं म्हणून शुद्ध राहत नाही”

हा दावा सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. १८९० साली वॉल्टर हीप यांनी इंग्लंडमध्ये अँगोरा जातीच्या सशाची दोन भ्रूणं बेल्जियन जातीच्या सशिणीच्या पोटात घातली. ती सशीण तिच्याच जातीच्या नराकडून आधीच फळलेली होती. तिला सहा पिल्लं झाली: चार बेल्जियन, दोन पूर्ण अँगोरा, लांब केसांसकट. एकाच पोटात, एकाच वेळी.

केंद्रकातला अर्धा डीएनए दाता गायीचा (जिचं बीजांड घेतलं तिचा), अर्धा वळूचा. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनएही बीजांडाबरोबर दाता गायीकडूनच येतो. पोसणाऱ्या गायीचं एक अक्षरही वासरात जात नाही. तिचं रक्त वासरात मिसळतं म्हणावं तर तेही होत नाही: गायीच्या वारेत आईच्या आणि वासराच्या रक्ताच्या मध्ये पेशींचे अनेक थर असतात, इतके की आईची रोगप्रतिकारक प्रथिनंसुद्धा पलीकडे जात नाहीत. म्हणून तर वासरू जन्मतः रोगांपुढे उघडं असतं आणि वजनाच्या साधारण १० टक्के चीक, २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, पहिल्या दोन-चार तासांत मिळावा लागतो. पोसणाऱ्या गायीकडून वासराला जे खरोखर मिळतं ते इथे, चिकातून. त्यामुळे तिचं लाळ्या-खुरकूत आणि इतर लसीकरण वेळेवर झालेलं असणं हे ती कोणत्या जातीची आहे यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

रक्त मिसळतं ते जुळ्यांत. एका गायीत दोन भ्रूणं घातली आणि एक नर, एक मादी निघालं तर त्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि अशा दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. ‘दोन घाला, एक तरी राहील’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोटाचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र नाही. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड यांचा उलटसुलट संकर केला तेव्हा जन्मावेळचा आकार आईच्या पोटाप्रमाणे ठरला. फ्लोरिडातल्या अभ्यासांत, शेवटच्या दोन महिन्यांत उन्हात तापलेल्या गायींच्या कालवडींनी पुढे कमी दूध दिलं आणि त्यांच्या पेशींतल्या मिथाइल खुणांतही फरक आढळला. म्हणजे पोसणाऱ्या गायीची निगा वासराच्या दुधापर्यंत पोहोचते, तिची जात पोहोचत नाही. गीरच्या कालवडीला संकरित गायीच्या पोटाने कुबड कमी येत नाही.

“दूध ए२ राहत नाही”

ए१ आणि ए२ हा फरक बीटा केसिन प्रथिनाच्या ६७ व्या जागेचा आहे. तिथे प्रोलिन असेल तर ए२, हिस्टिडिन असेल तर ए१. जनुकात हा एका अक्षराचा फरक आहे: सीसीटी की सीएटी. मिथाइल खूण जनुकाला बंद-चालू करू शकते, पण त्या जागचा सी काढून ए बसवू शकत नाही. दाता गाय आणि वळू दोघेही ए२ए२ असतील तर कालवड ए२ए२ असणारच, मग ती कुणाच्याही पोटात वाढो.

शंका असेल तर वासराच्या शेपटीचे पंधरा-वीस केस मुळासकट उपटून (कापून नव्हे, डीएनए मुळात असतो) बीटा केसिन आणि पालकत्व अशा दोन्ही चाचण्यांसाठी पाठवावेत. गिऱ्हाइकांना दाखवायला तो कागद संदेशापेक्षा बरा. आणि ‘दूध प्यायल्याने आपले जीन बिघडतील’ असं जे शेवटी जोडलेलं असतं त्याला आधार नाही. दुधातला डीएनए, खुणांसकट, पोटात बाकीच्या अन्नासारखाच पचतो.

“दोष सात पिढ्या उतरतो”

वासरू आईच्या पोटात असतानाच त्याच्या पुढच्या पिढीच्या जननपेशी तयार होतात, आणि त्या पेशींत आई-बापाकडून आलेल्या या एकप्रत जनुकांच्या खुणा मुळापासून पुसल्या जातात. मग नरात नराच्या, मादीत मादीच्या पद्धतीने त्या पुन्हा लिहिल्या जातात. कालवडीच्या बीजांडांत तर हे लिहिणं तिच्या जन्मानंतर, बीजांड मोठं होत असताना चालतं. त्यामुळे मोठ्या जन्मलेल्या, पण जगून वाढलेल्या गायीचं वासरू मोठंच होईल असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये क्लोन गायी आणि त्यांच्या संततीचा आढावा जाहीर केला, त्यात क्लोनांच्या नेहमीच्या प्रजननातून झालेल्या पिल्लांत वेगळा धोका आढळला नव्हता. खुणांचा सर्वांत जास्त गोंधळ ज्या तंत्रात होतो त्याची ही स्थिती, तर आयव्हीएफची सात पिढ्यांची गोष्ट कुठून आली?

“‘ए ग्रेड भ्रूण’ ही धूळफेक आहे”

धूळफेक हा शब्द जास्त आहे, पण मुद्दा रास्त आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत भ्रूणाला दोन आकडे देतात. पहिला टप्प्याचा, १ ते ९. दुसरा प्रतीचा, १ ते ४. कागदावर ‘६–१’ असेल तर ब्लास्टोसिस्ट (पोकळी आलेलं भ्रूण), पहिली प्रत. पहिली प्रत म्हणजे किमान ८५ टक्के पेशी शाबूत आणि सलग. दुसरी किमान ५० टक्के, तिसरी किमान २५, चौथी मेलेली. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी ठरतं. त्यावरून गाय गाभण राहण्याची शक्यता कळते. मिथाइल खुणा डोळ्यांना दिसत नाहीत. भ्रूणाच्या चार-पाच पेशी काढून जी जनुकचाचणी करतात ती अक्षरं वाचते, खुणा नव्हे. म्हणून ‘आमचं भ्रूण ए ग्रेड आहे, मोठ्या वासराचा प्रश्नच नाही’ असं कुणी सांगत असेल तर त्याला ग्रेडचा अर्थ माहीत नाही किंवा तो सांगायचा नाही.

मग विचारायचं काय? भ्रूण कसं वाढवलं ते. बीजांडं २२ ते २४ तास पक्व करतात, मग १८ ते २० तास शुक्राणूंसोबत ठेवतात. तिथून सातव्या दिवसापर्यंतचं संवर्धन हा खुणा पुसण्या-लिहिण्याचा काळ आहे. त्या पाच-सहा दिवसांच्या द्रवात सीरम आहे का, हा पहिला प्रश्न. पक्व करण्याच्या द्रवात थोडं असणं आणि संवर्धनात असणं यात फरक आहे. दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, गर्भनलिकेत त्याहून बराच कमी. संवर्धन ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९० टक्के नायट्रोजनवर व्हायला हवं. नायट्रोजनचं सिलिंडर महाग पडतं म्हणून साध्या हवेवर काम चालवलं तर भ्रूणावर ऑक्सिडेशनचा ताण येतो, आणि खुणा लिहिणाऱ्या-पुसणाऱ्या विकरांचं कामही पेशीतल्या याच रसायनावर अवलंबून असतं.

तिसरा प्रश्न आपल्या भागाचा: वीज. इन्क्युबेटर ३८.५ अंशांवर स्थिर हवा. पावसाळ्यात तासाभराचा खंड पडतो तेव्हा यूपीएस नुसतं तापमान धरतं की गॅसचं नियंत्रणही, हे विचारावं. कार्बन डायऑक्साइड उतरला की द्रवाचा पीएच ७.२ ते ७.४ ची मर्यादा सोडून वर चढतो, आणि थर्मामीटर तर ३८.५ दाखवत असतो. दार वारंवार उघडणं, द्रवाचे थेंब तेलाखाली आदल्या रात्री न ठेवता आयत्या वेळी ठेवणं, जुनं ऑक्सिडाइज झालेलं तेल, शेजारच्या खोलीत रंगकाम किंवा फिनेलचा मारा: बिघाड बहुतेक वेळा अशा ठिकाणी असतो.

प्रयोगशाळा कुठेही असो, मुरबाड-शहापूरला जाताना शिळफाट्याची नाहीतर कल्याणची कोंडी लागतेच. ताजं भ्रूण कांडीत भरून ज्या पेटीतून येतं तिचं तापमान निघताना आणि पोहोचताना लिहून घ्यावं. पेटी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको. गाय माजावर आल्याचा दिवस भ्रूणाच्या वयाशी एक दिवसापेक्षा जास्त पुढे-मागे नसावा आणि भ्रूण पीतपिंड (बीजांड सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) असलेल्या बाजूच्या गर्भशिंगातच जावं.

आणि शेवटचं विचारायचं ते सर्वांत साधं: मागच्या खेपेच्या वासरांची जन्मवजनं. ज्यांच्याकडे ती लिहिलेली आहेत त्यांच्याकडून भ्रूण घ्यावं.

“पहिले सात दिवस पावडर द्या”

आयव्हीएफमध्ये पहिले सात दिवस भ्रूण काचेच्या ताटलीत असतं. पोसणाऱ्या गायीच्या पोटात ते नसतंच. संदेश लिहिणाऱ्याने वर आयव्हीएफवर एवढी टीका केली आणि उपाय सांगताना भ्रूण कुठे असतं हेच विसरला.

साध्या रेतनाच्या गायीला तरी उपयोग होईल का? पावडरमध्ये फॉलिक आम्ल आणि मेथिओनिन असल्याचं सांगतात. ही द्रव्यं मिथाइल गट पुरवण्याच्या साखळीत आहेत हे खरं. २००७ मध्ये सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना गर्भधारणेआधी आठ आठवडे आणि नंतर सहा दिवस बी-१२, फोलेट, मेथिओनिन कमी असलेला आहार दिला. सहाव्या दिवशी भ्रूणं नेहमीचा आहार घेणाऱ्या मेंढ्यांत घातली. तरी पुढे त्या कोकरांच्या खुणा बदललेल्या निघाल्या आणि वाढलेल्या नरांचा रक्तदाब चढा निघाला. पण हा प्रयोग कमतरतेचा होता. जादा दिल्याने जनुकं ‘सुधारतात’ असं त्यातून निघत नाही. आणि तयारी आठ आठवडे आधीची होती. गाय भरल्यावर डबा उघडून काय होणार? त्यातून साधं फॉलिक आम्ल तोंडाने दिलं तर त्यातलं बहुतेक रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या कप्प्यातले) जंतूच फस्त करतात. गायीला बी-१२ तिच्या रुमेनमधले जंतू बनवून देतात, फक्त त्यांना कोबाल्ट लागतं. ते चांगल्या खनिज मिश्रणात असतं आणि ते वर्षभर रोज द्यायचं असतं.

पहिल्या दिवसांत भ्रूणाला खरा मार बसतो तो उष्णतेचा. भरल्यानंतरच्या पहिल्या दिवशी गाय तापली तर भ्रूणं मरतात. तिसऱ्या दिवसानंतर, स्वतःची जनुकं चालू होऊ लागली की, ती बरीच चिवट होतात. ठाण्यात मे महिन्यात आणि ऑक्टोबरात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. त्याचा उष्णता-आर्द्रता निर्देशांक ८५ येतो, आणि दुभत्या गायीला ७२ च्या पुढे त्रास सुरू होतो. इथल्या दमट हवेत धुक्यासारखे फवारे कामाचे नाहीत; ते पाणी सुकत नाही, गोठा आणखी दमट होतो. मोठ्या थेंबांनी पाठ कातडीपर्यंत भिजवायची, मग पंखा पूर्ण वेगाने, मग पुन्हा पाणी. रेतन पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, आणि त्यानंतरचे तीन दिवस गाय उन्हात चरायला सोडायची नाही.